ओट्याला लागलेली मोटार

आमचा धाकटा परवा बोळात उभा राहून दोन्ही हात पसरून माप घेत होता. म्हणाला, "आई, हा ओटा निम्मा काढला की जीप सरळ परसात येईल बघ." मी "बघू" म्हटले आणि आत आले. चूल फुंकली, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. हातात तांदळाचे सूप होते ते कुठे ठेवले तेच आठवेना. मला चारचौघांत बोलणे जमत नाही, मुलांपुढेही जमत नाही. म्हणून इथे लिहिते. ओटा राहो की जावो, पण त्याच्या कडेला नाना एकदा कसे बसले होते ते कुणीतरी लिहून ठेवायला हवे. नानांना बसलेले पाहिलेली माणसे फार नाहीत.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. जव्हार संस्थानच्या जंगलातल्या कुपांचा, म्हणजे तोडीला काढलेल्या झाडांच्या पट्ट्यांचा, ठेका त्यांच्याकडे असे. त्यांचा चेहरा मी पुरता कधी पाहिला नव्हता. थोरल्या दिरापुढे उभे राहायचे नाही, बोलायचे नाही, ते आले की दाराआड व्हायचे, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे मला नाना ठाऊक झाले ते वहाणांच्या करकरीवरून. करकर ओट्यावर, करकर बोळात, करकर परसात, परत ओट्यावर. स्वयंपाक करता करता मी कान लावून सांगू शकत असे, आता नाना गोठ्यापाशी आहेत, आता फाटकापाशी. करकर थांबली की उलट जीव दचके. काय झाले म्हणून डोकावे तो ते वहाणेतला खडा काढत असायचे.

माझ्याशी काही बोलायचेच झाले तर ते माजघराच्या खांबाशी बोलत. "खांबा, चहा होतोय का? की मी जाऊन येऊ तोवर?" चहा होईपर्यंत ते खरेच कुठेतरी जाऊन येत. मी पेला खांबाजवळ ठेवून आत वळायची. उभ्यानेच पिऊन पेला खाली ठेवल्याचा आवाज येई, आणि करकर सुरू.

न्हावी त्यांच्यामागे अंगणभर फिरे. एका गालाची हजामत तुळशीपाशी, दुसऱ्या गालाची फाटकापाशी. एकदा दसऱ्याच्या दरबाराला नाना गेले ते अर्धी मिशी कातरलेली ठेवून, कारण मधेच त्यांना घोड्याची नाल आठवली होती. दरबारात सगळे मानकरी मांडी घालून बसलेले आणि नाना मागच्या दाराशी उभे, एका बाजूला मिशी जाड, एका बाजूला बारीक. घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारले, "नाना, महाराज काही म्हणाले का?" नाना म्हणाले, "त्यांचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत मी निघालो होतो."

कुणी "बसा हो नाना" म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले. "पाण्यासारखं पाणी, तेसुद्धा बसलं की त्याला शेवाळ येतं."

आणि अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती जागेवर खिळलेली. माझ्या थोरल्या जाऊबाई माळ्यावरून भाताची कणगी बघताना शिडीसकट खाली आल्या. कमरेचे हाड मोडले ते वेडेवाकडे जुळले. तेव्हापासून त्या बसल्या बसल्याच घरभर फिरत. दोन्ही हातांवर भार द्यायचा, अंग उचलायचे, पुढे ठेवायचे. माजघरातून ओटीवर, ओटीवरून बाहेरच्या ओट्यावर. आमच्या घरात त्यांच्यासाठी उंबरे तासून बुटके केले होते, ते नानांनीच. ओट्याच्या कडेला एका जागी त्या बसत आणि बोळाच्या तोंडातून दिसेल तेवढा रस्ता बघत. तेवढेच त्यांचे जव्हार.

नाना त्यांच्यासमोरून येरझाऱ्या घालत तेव्हा त्या म्हणत, "अहो, माझ्या वाटणीचंही तुम्हीच चालताय वाटतं!"

नाना म्हणत, "मग तू माझ्या वाटणीचं बस."

हे बोलणे हसत चाले. पण एका उन्हाळ्यात मोखाड्याहून जाऊबाईंच्या भावाचा गडी नाचणीची गोणी घेऊन आला, आणि निरोपही घेऊन आला. आईची नजर गेली आहे. अन्न तुटत चालले आहे. म्हणते, लेकीच्या तोंडावरून एकदा हात फिरवू द्या.

जाऊबाईंनी सूप पुढे ओढले. नाचणी निवडत बसल्या. त्या दिवशी करकर अशी काही चालली होती की मला भाकरी थापणे सुचेना.

मोखाडा काही परदेश नव्हे. पण बैलगाडीने एकदा नेऊन बघितले होते, तर घाटातल्या हिसक्यांनी त्यांना असे काही झाले की अर्ध्या वाटेवरून परत आणावे लागले होते. मोटारीने जाता येईल, असे वैद्यबुवाही म्हणाले. मात्र मोटार उभी राहायची रस्त्यावर, आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंतचा बोळ जाऊबाईंनी ओलांडायचा कसा? त्याआधी एका दसऱ्याला मिरवणूक दाखवायची म्हणून नानांनी चार गड्यांकरवी त्यांना खुर्चीसकट उचलून बाजारात नेले होते. गर्दीत खुर्ची कलली, पदर घसरला, पाय उघडा पडला. सगळा बाजार बघत राहिला. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या होत्या, "आता चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाईन. ती वेळ आली की." त्यानंतर त्यांनी कुणाला स्वतःला उचलू दिले नाही. नानांनाही नाही.

म्हणजे मोटार ओट्यापर्यंत यायला हवी होती. आणि पावसाच्या आत, कारण एकदा ओहोळ वाहायला लागले की मोखाड्याच्या वाटेवर मोटारीचे काम नव्हते.

नानांनी ठाण्याकडच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून जुनी मोटार घ्यायची ठरवली. मोटार यायच्या आधीच ते बोळाच्या मागे लागले. बोळाच्या एका अंगाला आमचा दगडी ओटा, दुसऱ्या अंगाला शेजारच्या गोदाकाकूंची भिंत, आणि तोंडाशी आमच्या सासऱ्यांनी बसवलेले सागवानी फाटक. बैलगाडी आत येई, तीही बैल सोडून, ढकलत.

नानांच्या हाताखाली दाभोशाचा लखमा असे. जंगलात कूप तोडायला तोच, घरी छप्पर शाकारायला तोच. संस्थानची मोटार बाजारातून गेली की धुळीत चाकांचे दोन पट्टे उमटत. नाना आणि लखमा बांबूची काठी घेऊन त्या पट्ट्यांवर वाकले. या पट्ट्यापासून त्या पट्ट्यापर्यंत काठी धरली, कोयत्याने खाच पाडली.

"चाक गेला का गाडी गेली, शेट," लखमा म्हणाला.

"मग! गाडी म्हणजे दुसरं काय असतं?" नाना म्हणाले.

दोघांचाही जन्म बैलगाडीत गेलेला. बैलगाडीला चाकाच्या बाहेर काही नसते. काठीवर चार बोटे सूट धरून नानांनी सागवानी फाटक काढले आणि चुन्यात दोन नवे घडीव खांब उभे केले. खांबांवर दगडी कमळेसुद्धा बसवली.

मोटार आली तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. मी दाराच्या फटीतून बघत होते. काळी, उघडी, वर मेणकापडाचे टप दुमडलेले. चालवायला नाशिकचा इस्माईल नावाचा माणूस ठेवला होता. त्याने खांबांकडे पाहिले, मोटारीकडे पाहिले आणि खाली उतरला.

"नानासाहेब, हे खांब कशासाठी?"

"मोटारीसाठी."

"मोटार बांधायला?"

माणसे हसली. मोटारीची चाके खांबांच्या आत बसत होती हे खरे. पण चाकांवर दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंखे फुगलेले, खाली पाय ठेवायची फळी बाहेर आलेली. लखमा खाली वाकून ते पंखे चाचपत म्हणाला, "शेट, हिला त खांदं हायेत!"

"ढकल! थोडी कलती करून ढकल!" नाना ओरडले. इस्माईल नको नको म्हणत असता त्यांनी स्वतः मागून जोर लावला. एका खांबावरचे कमळ खाली पडले आणि पंख्याला पोचा आला. गोदाकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "नाना, कमळ वाहिलंस, आता आरती कर."

खांब गेले. मग अडले ते गोदाकाकूंच्या भिंतीशी. ती मातीची भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी बोळात आलेली. नानांनी विचारले, "काकू, तेवढं पोट तासू दे."

"तुझ्या मिजाशीसाठी? उन्हापावसात मोटार उभी राहिली तर काय वितळते का? माझ्या भिंतीचं पोट माझं आहे बाबा, तू तुझं सांभाळ."

नानांनी आपले कारण सांगितले नाही. बायकोला चालता येत नाही हे ते कुणाला तोंडाने सांगत नसत. आळीला वाटायचे, नानाला दारात मोटार मिरवायची हौस आहे. ते तसे वाटू देत. मग ते ओट्याकडे वळले. ओटाच हातभर तोडू, म्हणाले.

जाऊबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. "तोडा. मग मी बसायचं कुठे ते पण काठीनं मोजून ठेवा."

करकर थांबली. मग परसाकडे गेली.

दुपारी डोंगरावर ढग यायला लागले होते. जाऊबाई नाचणीचे सूप तीनतीनदा पाखडत. माहेरच्या वाटेवरून कुणी आला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत, घाईने आलाय का, सावकाश आलाय. मला बघवेना. विहिरीवर गोदाकाकू भेटल्या तेव्हा मी कधी नव्हे ते तोंड उघडले. एवढेच म्हटले, "काकू, जाऊबाईंच्या आईला दिसेनासं झालंय. मोटार त्यासाठी."

काकूंनी घागर खाली ठेवली. भरलेली घागर तशीच ठेवून त्या तरातरा आमच्या बोळात गेल्या.

"नाना! मेल्या, बाईला माहेरी न्यायचंय हे सांगायला तुझी जीभ झडली होती का? मला वाटलं, मिरवायचंय! घे, तास भिंत. पोट तास, पाठ तास. आणि मग लिंपून दे हो नीट."

नाना खांबाशी बोलतात तसे भिंतीशी बोलले. "भिंती, लिंपून देईन."

त्या संध्याकाळीच लखमाने भिंतीचे पोट तासले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आत घ्यायची ठरली. इस्माईल पुढे बसला. नाना मागे, पण बसले नाहीत. नवी गादी मळेल म्हणून वहाणा ओट्यावर काढून ते मोटारीत उभे राहिले, आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून तळवे हलवत सांगू लागले, "सावकाश... डावीकडे लागतंय... सावकाश... उजवीकडे एक बोट... सावकाश." त्यांच्या तोंडी तो शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. लखमा पुढे उलटा चालत होता. मोटार भिंतीला घासत, ओट्याला घासत अशी आत आली की जणू म्यानात तलवार. जाऊबाईंच्या बसायच्या जागेसमोर येऊन थांबली. आळीने टाळ्या वाजवल्या. गोदाकाकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"अगं, चल!" नाना म्हणाले आणि मोटारीचे दार उघडायला गेले.

दार दोन बोटे उघडले आणि ओट्याला ठक्कन लागले. पलीकडचे दार भिंतीला लागले. नानांनी पुन्हा हे दार ढकलले, पुन्हा ते. इस्माईलने आपल्या बाजूचे ढकलून पाहिले.

"नानासाहेब," तो हळूच म्हणाला, "गाडी आली खरी. आता आपण उतरायचं कुठून?"

लखमाला हसू आवरेना, तो फडके तोंडात धरून मोटारीपुढे खाली बसला. पण नाना हसत नव्हते. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ पिंजऱ्यातल्या जनावरासारखी इकडून तिकडे होत होती. मोटारीत दोन पावलेही चालायला जागा नाही. "पहार आणा!" ते ओरडले. "ओटा फोडा! आत्ताच्या आत्ता फोडा! पाऊस काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"पहार राहू दे," जाऊबाई म्हणाल्या.

त्या उंबऱ्यातून हातांवर भार देत, अंग उचलत, ठेवत ओट्यावर आल्या. कडेला येऊन थांबल्या. आमचा ओटा आणि मोटारीची कड जवळजवळ एका उंचीची. मधे फट म्हणाल तर हातही जाणार नाही.

"दार कशाला हवंय?" त्या म्हणाल्या. "मी काय दारातून चालत येते-जाते? बोळ मोठा असता तर मला खाली उतरवून वर चढवावं लागलं असतं. आता ओट्यापुढे आणखी एक ओटाच आहे की." मग मागे न बघता मला म्हणाल्या, "धाकटे, गोधडी आण."

मी पदर पुढे ओढून गोधडी आणली आणि मोटारीच्या कडेवर चौघडी करून टाकली. माझे हात नानांच्या हातांच्या इतके जवळ कधी गेले नव्हते.

"मी काय करू?" नाना म्हणाले. "कुठून धरू? तिकडून येऊ का? थांब, मी..."

"तुम्ही बसा," जाऊबाई म्हणाल्या. "बसा त्या गादीवर. कडेला बसा. आणि अहो, जन्मात एकदा तरी हलू नका."

नाना बसले.

जाऊबाईंनी एक हात गोधडीवर ठेवला आणि दुसरा नानांच्या खांद्यावर. खुंटीवर ठेवावा तसा. अंग उचलले, कडेवर ठेवले. दम घेतला. पुन्हा उचलले. एका हाताने आपलाच पाय उचलून आत घेतला. नाना श्वाससुद्धा घेत नव्हते. त्यांच्या मानेवर एक माशी बसली होती, तीही त्यांनी हाकलली नाही. मग जाऊबाई गादीवर घसरल्या, त्यांच्याशेजारी, आणि पदर नीट केला. कुणी त्यांना उचलले नव्हते. कुणाला त्यांचा पाय दिसला नव्हता.

इस्माईलने विचारले, "निघायचं?"

"निघायचं म्हणजे काय, आता उतरायची सोय कुठे आहे!" नाना म्हणाले, आणि तेव्हा कुठे सगळे हसले.

मोटार उलटी उलटी बोळाबाहेर गेली. नाना होते तसे गेले, बोडके, अनवाणी. सासुरवाडीला जावई बिनपागोट्याचा पोचला. वहाणा ओट्यावरच राहिल्या. ती दोघे परत येईपर्यंत घरात करकर नव्हती आणि मला काही केल्या कामाचा मेळ लागत नव्हता.

मोखाड्यात अंगण मोठे. पण जाऊबाईंनी तिथेही खाली उतरायला नको म्हटले. आईलाच हाताला धरून आणले, मोटारीत बसवले. आईने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडावरून फिरवला आणि विचारले, "हा कोण गप्प बसलाय?" कुणी सांगितले, जावई. म्हातारी म्हणाली, "खोटं बोलू नका. आमचा जावई बसत नाही." हे जाऊबाई पुढे कितीदा तरी सांगत आणि दर वेळी डोळे पुसून हसत. त्या पावसाळ्यातच आई गेली.

पुढे दर उन्हाळ्यात मोटार ओट्याला लागायची. गोधडी मीच टाकायची. नाना आधी जाऊन गादीवर कडेला बसायचे, हलायचे नाहीत. तेवढेच त्यांचे बसणे. परत आले की दुप्पट चालून ते फेडायचे.

जाऊबाई गेल्या तेव्हा संस्थान होतेच अजून. सकाळची वेळ होती. मूलबाळ नव्हते, त्यामुळे शिकाळ्यातले मडके नानांच्या हाती आले. चौघांनी तिरडी ओट्यावरून उचलली, खांद्यावर घेतली आणि बोळात उतरले. दोन बाजूंना दोन-दोन माणसे, मधे तिरडी. बोळ भरून गेला. पुढे नाना, अनवाणी. आम्ही बायका ओट्यावर. आमची वाट तिथेच संपते.

मडके धरणाऱ्याने मागे बघायचे नसते. पण जिथे गोदाकाकूंच्या भिंतीचे पोट तासलेले आहे तिथे पोचल्यावर नाना थांबले आणि पुरते मागे वळले. पुढच्या खांदेकऱ्याने हळूच म्हटले, "नाना, मागं नाही बघायचं."

मी पदर सावरायचा विसरले. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पुरता पाहिला. मला वाटला होता त्यापेक्षा तो लहान होता. ते तिरडीकडे बघत नव्हते. एकदा ओट्याच्या कडेकडे, एकदा भिंतीकडे, असे बघत होते. मडक्याचा हात खाली तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा वर केला आणि खांदेकऱ्यांना सांगितले, "सावकाश... डावीकडे एक बोट आहे. सावकाश."